उपप्रोग्रामच्या घोषणेत एक्सेप्शनची यादी सक्तीची असावी का?

तुम्ही नवी प्रोग्रामिंग भाषा रचत आहात आणि प्रत्येक फंक्शन (म्हणजे उपप्रोग्राम) कोणकोणती एक्सेप्शन, म्हणजे काम अडल्याची बोलावणाऱ्याकडे वर जाणारी सूचना, फेकू शकते, याची यादी त्याच्या घोषणेत देणे सक्तीचे करावे का, असे विचारले आहे. माझ्या मते ‘हे फंक्शन एक्सेप्शन फेकू शकते’ एवढे सांगण्याचीच सक्ती असावी आणि ती कंपायलरने, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधी त्याचे भाषांतर करणाऱ्या साधनाने, तपासावी. नावांची यादी ऐच्छिक ठेवावी.

संपूर्ण यादीत आधी अडचण येते ती कुठेही उद्भवणाऱ्या चुकांची. ॲरेच्या मर्यादेबाहेर जाणे किंवा शून्याने भागणे इतक्या ठिकाणी संभवते की ती नावे जवळपास प्रत्येक घोषणेत येतील आणि मग ती कोणी वाचणार नाही. म्हणूनच जावा भाषेने अशा चुकांचा रनटाइम-एक्सेप्शन हा वर्ग सक्तीतून वगळला. त्याआधीच्या क्लू भाषेत यादी होती, पण बोलावणाऱ्या फंक्शनने न हाताळलेले एक्सेप्शन आपोआप ‘फेल्युअर’ या एकाच नावाने वर जात असे. ही तोड मला आजही जावाहून सरस वाटते.

दुसरी अडचण बदलाची आहे. समजा, सेटिंग्ज वाचणारे जावातील एक फंक्शन फाइल उघडते आणि आयओएक्सेप्शन (फाइल वाचण्या-लिहिण्यातली चूक) जाहीर करते. पुढे त्याच सेटिंग्ज डेटाबेसमधून आणायचे ठरले की एसक्यूएलएक्सेप्शन (डेटाबेसची चूक) यादीत येते, आणि त्या फंक्शनला बोलावणारी, त्यांनाही बोलावणारी अशी साखळीतली सगळी फंक्शने बदलावी लागतात, मग त्यांना त्या चुकीचे काही करायचे असो वा नसो. शिस्तीचा प्रोग्रामर त्या फंक्शनच्या सीमेवरच त्या चुकीचे स्वतःच्या एक्सेप्शनमध्ये रूपांतर करील, हे खरे. पण घाईतला प्रोग्रामर ‘थ्रोज एक्सेप्शन’ (कोणतेही एक्सेप्शन फेकू शकते) असे सरसकट लिहितो किंवा एक्सेप्शन पकडणारा कॅच ब्लॉक रिकामा ठेवतो, आणि हा दुसरा प्रकार यादी नसण्याहून वाईट, कारण चूक मुकाट्याने गिळली जाते.

यादी ठेवून तपासणी प्रोग्राम चालण्याच्या वेळेवर ढकलणे हा तर सर्वांत वाईट पर्याय. सी++ मध्ये यादीबाहेरचे एक्सेप्शन आले की, वेगळी सोय केली नसेल तर, प्रोग्रामच बंद पडे. ती सोय २०११ च्या मानकात कालबाह्य ठरवली गेली, २०१७ मध्ये नावांची यादी काढून टाकण्यात आली, आणि ‘काहीच फेकत नाही’ एवढे सांगणारे नोएक्सेप्ट राहिले.

फंक्शनला फंक्शन पॅरामीटर म्हणून देता येत असेल, तर ‘दिलेले फंक्शन फेकत असेल तरच मीही फेकतो’ असे लिहिण्याची सोय सुरुवातीपासून ठेवा. जावा ८ मध्ये लॅम्ब्डा (जागीच लिहिलेली बिननावी फंक्शने) आले, पण प्रत्येक घटकावर दिलेले फंक्शन चालवणाऱ्या स्ट्रीमच्या मॅपला मिळणाऱ्या लॅम्ब्डात फाइल वाचायची झाली, तर आयओएक्सेप्शन हे सक्तीतून वगळलेल्या अनचेक्डआयओएक्सेप्शनसारख्या एक्सेप्शनमध्ये गुंडाळावे लागते. स्विफ्ट भाषेत याच कामासाठी ‘रीथ्रोज’ आहे. तिथे आधी फक्त ‘थ्रोज’ (फेकू शकते) एवढेच सांगता येई, एक्सेप्शनच्या प्रकाराचे नाव देण्याची ऐच्छिक सोय २०२४ च्या आवृत्ती ६ मध्ये आली. हा क्रम तुम्हालाही सोयीचा पडेल, कारण यादी नंतर वाढवता येते, पण स्टँडर्ड लायब्ररी एकदा तिच्यावर उभी राहिली की काढणे फार कठीण जाते.