पेनड्राइव्हवर ~$ ने सुरू होणारी १ केबीची फाईल दिसते. व्हायरस आहे का? उडवली तर चालेल?

व्हायरस नाही, आणि उडवली तरी चालते. फक्त आधी एक गोष्ट तपासावी लागते.

ग्रामपंचायतीच्या पेनड्राइव्हवर 'ग्रामसभा ठराव'च्या शेजारी '~$रामसभा ठराव' अशी पुसट फाईल दिसते, आणि मूळ फाईल उघडताना ती 'अ‍ॅडमिन'ने लॉक केल्याचा मेसेज येतो, असं तुम्ही लिहिलंय. दोन्हींचं कारण एकच आहे.

डॉक्युमेंट उघडलं की वर्ड त्याच फोल्डरमध्ये एक लपवलेली फाईल तयार करतं. एसटीच्या सीटवर टाकलेला रुमालच म्हणा ना. आत ठरावाचा एक शब्दही नसतो, फक्त फाईल उघडणाऱ्याचं युजरनेम असतं. आकार साधारण १६२ बाइट, म्हणून १ केबी दिसतो. नाव लांब असलं की वर्ड त्याची पहिली दोन अक्षरं काढून तिथे ~$ बसवतं. 'ग' आणि हलन्त ही कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळी अक्षरं, म्हणून 'रामसभा' उरलं. एक्सेल अक्षरं काढत नाही, 'नमुना ८'चं '~$नमुना ८' होतं.

फाईल नीट बंद केली की ही आपोआप जाते. पण मध्येच लाइन गेली किंवा वर्ड चालू असतानाच पेनड्राइव्ह ओढला, तर ती पुसायला कोणी उरत नाही. आपल्याकडे लाइनचं काय ते तुम्हाला सांगायला नको. आणि 'अ‍ॅडमिन' बहुधा तुम्हीच! कॉम्प्युटर बसवून देणारे बरेचदा सगळीकडे तेच नाव टाकतात.

आता उडवण्याआधी: फाईल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असेल तर दुसऱ्या टेबलावर ती खरंच उघडी नाही ना, ते विचारून घ्या. मग वर्डच्या सगळ्या खिडक्या बंद करा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये वर्ड मागे अडकलेलं दिसलं तर 'एंड टास्क' करा. त्यानंतर ~$ वाली फाईल डिलीट करून मूळ फाईल उघडा. पुसट फाईल दिसतच नसेल तर एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक करा. शंका घ्यायचीच तर ~$ ला नव्हे, फोल्डरांच्या जागी अचानक शॉर्टकट दिसू लागले तर घ्या.

लाइन गेल्यावर हरवलेला मजकूर ~$ मध्ये शोधू नका, तो तिथे कधीच नव्हता. वर्ड काम चालू असताना अधूनमधून आपोआप ठेवतं ती ऑटोरिकव्हर प्रत पेनड्राइव्हवर नसते. ती त्या कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हमध्ये, युजरच्या अ‍ॅपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, वर्ड या फोल्डरात पडते. म्हणून पेनड्राइव्ह घेऊन सेवा केंद्रात धावण्यात अर्थ नाही. ज्या कॉम्प्युटरवर काम चाललं होतं त्यावरच वर्ड पुन्हा सुरू करा, डाव्या बाजूला परत मिळालेल्या फाईलींची यादी येते. एकदाही सेव्ह न केलेली फाईल असेल तर 'फाईल', 'इन्फो', 'मॅनेज डॉक्युमेंट' मधून 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स' पाहा.

सेव्ह होत असतानाच लाइन गेली तर मूळ फाईलच गायब होऊ शकते. कारण वर्ड आधी नवीन प्रत टेम्पररी नावाने लिहितं आणि मग नावांची अदलाबदल करतं. अशा वेळी पेनड्राइव्हवर ~ ने सुरू होणारी, 'टीएमपी' शेपटाची (नावाच्या शेवटी .tmp असलेली) मोठी फाईल असेल तर ती अजिबात उडवू नका. तिची कॉपी करा, कॉपीचं शेपूट बदलून 'टीएमपी' ऐवजी 'डॉक्सएक्स' (.docx) करा आणि वर्डमध्ये उघडून बघा. बरेचदा उघडते.

ऑटोरिकव्हरची वेळ मुळात १० मिनिटं असते. 'ऑप्शन्स'मधल्या 'सेव्ह'मध्ये ती २ करा. फाईल आधी डेस्कटॉपवर घ्या, तिथे काम करा, वर्ड बंद करून मगच पेनड्राइव्हवर टाका. यूपीएसवर कॉम्प्युटर आणि मॉनिटर एवढंच ठेवा. मे महिन्यात कूलर त्याच बोर्डात खुपसला तर सेव्ह करायलाही वेळ मिळणार नाही.

आणि पंचायत समितीला व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल पाठवताना आकार बघा. १ केबीची पाठवली तर 'उघडत नाही' म्हणून फोन येणारच.