नवी रॅम लावली आणि स्क्रीन काळी?

घाबरू नकोस, बहुतेक वेळा रॅम नीट बसलेली नसते. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढ, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धर. मग दोन्ही टोकांवर सारखा जोर देत रॅम पुन्हा बसव. क्लिप ‘टक्’ करून लागली पाहिजे. रॅमसाठी चार स्लॉट (खाचा) असतील तर रॅमच्या दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात, तरी मॅन्युअल बघच. डीडीआर५ (रॅमचा नवा प्रकार) असेल तर पहिल्यांदा सुरू व्हायला काही मिनिटंही लागतात. मी अधीर होऊन मध्येच बंद केलं होतं, अख्खी संध्याकाळ वाया गेली. तरीही जमलं नाही, तर एकच पट्टी लावून बघ, मग दुसरी. काय केलंस ते वहीत लिही, नाहीतर तिसऱ्या फेरीला कोणती पट्टी कुठे होती तेच आठवत नाही.