आरव्हीत (राहण्याची सोय असलेल्या फिरत्या गाडीत) मीठ न लागणारा वॉटर कंडिशनर बसवला तर क्षार साचणं थांबेल का?

गीझरच्या टाकीत आणि शॉवरच्या जाळीवर बसणारा थर बराच कमी होईल, पण पाणी मऊ होणार नाही. टीएसी (टेम्प्लेट असिस्टेड क्रिस्टलायझेशन, म्हणजे साच्याच्या मदतीने स्फटिक बनवणाऱ्या) प्रकारच्या कंडिशनरमधले मणी विरघळलेल्या कॅल्शियमचे अतिसूक्ष्म स्फटिक बनवतात. ते धातूला चिकटण्याऐवजी पाण्याबरोबर वाहून जातात. कॅल्शियम पाण्यातच राहतं, म्हणून पाण्याचा कठीणपणा (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजलात तर आकडा जवळपास तोच येईल आणि साबणाला फेसही पूर्वीइतकाच. काचेवर थेंब सुकले की डाग पडतीलच, फक्त ते सहज पुसले जातात. क्षार रोखण्यासाठी म्हणून पाइपला बांधायच्या चुंबकावर मात्र मी पैसे घालणार नाही. एक अट: क्लोरीन आणि लोहामुळे हे मणी खराब होतात. आरव्हीत दर मुक्कामाला पाणी बदलतं, त्यामुळे आधी सेडिमेंट (गाळ अडवणारा) आणि कार्बन फिल्टर हवाच, आणि पाण्याला लोहाची तांबूस झाक दिसली तर कंडिशनर बायपास करा.