बोक्याचं ऑपरेशन, एफडी आणि कार्ड

डोंबिवलीच्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय. सात वर्षांचा बोका, बंड्या. पाच महिन्यांत तीनदा लघवीचा त्रास झाला. दर वेळी 'इन्फेक्शन' म्हणून अँटिबायोटिक. तिसऱ्यांदा लघवी पूर्ण तुंबली आणि नळी घालावी लागली. आतापर्यंत २६,००० रुपये गेले. पुन्हा तुंबू नये म्हणून ऑपरेशन सुचवलंय, अंदाज ४५,००० चा. बाई विचारतात, एफडी (१,२०,००० रुपये) मोडवत नाही, तर क्रेडिट कार्डावर भरून जमेल तसं फेडू का? की म्युच्युअल फंडातली पाच हजारांची एसआयपी थांबवू?

कार्डावर नको. थकलेल्या रकमेवर महिना साडेतीन टक्के धरा, ४५,००० वर पहिल्याच महिन्यात १,५७५ रुपये व्याज. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. त्यापेक्षा एफडी न मोडता तिच्यावर कर्ज घ्या. बँका साधारण ९० टक्क्यांपर्यंत देतात, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. आठ टक्क्यांनी घेऊन दहा महिन्यांत सारख्या हप्त्यांनी फेडलंत तर एकूण व्याज १,६५० च्या आसपास. म्हणजे कार्डाच्या एका महिन्याएवढ्यात दहा महिने निभावतात. एसआयपीला हात लावायची गरजच उरत नाही.

पण माझी शंका वेगळी आहे. त्या २६,००० मध्ये सोनोग्राफी आणि युरिन कल्चर (लघवीत जंतू आहेत का याची तपासणी) आहे का? तुम्ही पाठवलेल्या बिलांत मला दिसलं नाही. दहा वर्षांखालच्या मांजरांत जंतूंमुळे होणारं इन्फेक्शन तसं कमीच. बहुतेकदा कारण न सापडणारी, ताणाशी जोडलेली मूत्राशयाची सूज असते, नाहीतर खडे. खड्यांतही फरक आहे. स्ट्रुव्हाइटचे खडे खास आहाराने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झॅलेटचे विरघळत नाहीत. तपासणीचा खर्च आधी करा, ४५,००० चा निर्णय नंतर. परळचं बैलघोडा, म्हणजे जनावरांचं हॉस्पिटल, तुम्हाला एका लोकलवर आहे, दुसरं मत तिथे घेता येईल.

ऑपरेशन झालं की खातं बंद, असंही समजू नका. मूत्रमार्ग रुंद केल्याने तुंबण्याचा धोका बराच कमी होतो, सूज थांबत नाही. उलट नंतर जंतूंचं इन्फेक्शन व्हायची शक्यता वाढते. म्हणजे ओला आहार आणि अधूनमधून लघवीची तपासणी हा खर्च दोन्हीकडे आहेच. तो महिन्याच्या किराण्यात धरा. (माझी मांजर वाटीतलं पाणी बघतही नाही, नळाखाली मात्र तासभर बसते. फुकटातला उपाय.) विम्याची आशा आता सोडा, आधीपासूनचा आजार पॉलिसीत घेत नाहीत. आयकरात आरोग्यखर्चाची वजावट देणाऱ्या ८०डी कलमातही बंड्या बसत नाही.

'मांजरावर एवढा खर्च म्हणजे वेडेपणा का' हे तुम्ही शेवटी विचारलंय. हिशेबापुरतं सांगतो: तुमच्यावर दुसरं कर्ज नाही, दहा महिन्यांत फिटतं, तुम्हाला झेपतं. बाकीचं शेजारच्यांनी ठरवायचं नाही.

आणि एखाद्या रात्री बंड्या ट्रेमध्ये बसून जोर करतोय पण थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. त्या रात्री खुशाल कार्ड वापरा. बिल यायच्या आत एफडीवरच्या कर्जातून पूर्ण रक्कम भरून टाका.