स्टार्च तोडणाऱ्या विकराच्या अंगावर साखर कशाला?

प्रश्न: कांद्यावरच्या काळ्या बुरशीचं विकर (एन्झाइम) स्टार्च तोडून ग्लुकोज करतं, असं मी नववीच्या वर्गात सांगितलं. त्या विकराच्या अंगावरही साखरेच्या साखळ्या असतात, हेही सांगितलं. एका मुलीने विचारलं, "मग ते स्वतःचीच साखर का खात नाही?" तिला काय सांगू?
– एक शिक्षिका, निफाड

उत्तर: बाई, आधी त्या मुलीला माझी शाबासकी द्या. फार नेमकं विचारलंय तिने.

ही बुरशी अ‍ॅस्परजिलस नायजर, तिचं विकर ग्लुकोअमायलेज. स्टार्चच्या टोकापासून ते एकेक ग्लुकोज सोडवतं. त्याच्या अंगावरच्या साखळ्या मात्र मुख्यतः मॅनोज या वेगळ्या साखरेच्या. ते बंध त्याच्या खाचेत बसतच नाहीत, म्हणून तुटत नाहीत.

प्रयोगशाळेत नवा होतो तेव्हा या विकराने मला छळलं होतं. प्रथिनं आकारानुसार वेगळी करायच्या जेलवर (जड ती वर राहतात) इतर प्रथिनांच्या रेघा कशा स्वच्छ उमटायच्या, आणि याचा नुसता फराटा, तोही अपेक्षेपेक्षा वर. नमुना खराब झाला समजून मी तीनदा तेच केलं. शेवटी आमच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, "फक्त साखरेला चढणारा रंग देऊन बघ." फराटा गडद गुलाबी झाला! प्रत्येक रेणूवर साखर थोडी कमी-जास्त, म्हणून रेघ पसरलेली.

आता या साखळ्यांचं काम. विकरात 616 अमिनो आम्लं. पहिली सुमारे 470 तोडणारा भाग घडवतात, शेवटची शंभरेक स्टार्चच्या दाण्याला धरून ठेवतात. मधे लहानसा दुवा, आणि त्यावर मॅनोजची खच्चून गर्दी. या गर्दीमुळे दुवा गोळा होत नाही, ताणलेला राहतो. प्रथिनं कुरतडणाऱ्या विकरांनाही तिथे सहज शिरता येत नाही. उष्णतेत टिकायलाही साखळ्यांची मदत होते. कारखान्यात हे विकर 55 ते 60 अंशांवर कित्येक तास राबतं, तिथे हा टिकाव फार मोलाचा.

बुरशी याचं एक आखूड रूपही सोडते, धरणारा भाग नसलेलं. शिजवलेल्या, विरघळलेल्या स्टार्चवर दोघं जवळपास सारखंच काम करतात. कच्च्या दाण्यावर मात्र आखूड रूप फार मागे पडतं. धरणं किती महत्त्वाचं, ते इथे दिसतं. तोडण्याच्या क्रियेत साखळ्या स्वतः भाग घेत नाहीत, हेही मुलांना जरूर सांगा.

गर्दीमुळे दुवा ताणलेला कसा राहतो ते दाखवायला वर्गात एक नुसता दोरा न्या आणि एक दाट ओवलेला झेंडूचा हार. दोन्ही मुठीत चुरगळून बघायला त्या मुलीलाच पुढे बोलवा.