‘अन्याय झाला’ एवढ्यावर थांबू नका : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सरकारवरून वाद होतात. एक गट म्हणतो, सगळी यंत्रणाच भ्रष्ट आहे. दुसरा म्हणतो, लोकांनाच शिस्त नाही. पाणी, कचरा, फुटपाथ, विषय तेच आणि निष्पन्न काहीच नाही. हे थांबवावे का?
— एक वाचक, माजिवडा, ठाणे

उत्तर : थांबवू नका. लोकांनी बोलायचे सोडले तर तक्रारही कोणी करणार नाही. मात्र वादातला ‘सरकार’ हा शब्द बाजूला ठेवा, कारण त्या नावाचे कार्यालय कुठेच नाही. ठाणे शहराला पाणी महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा प्राधिकरण), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून येते. नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे. सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, तर ठाणे-बेलापूर रस्ता नवी मुंबई महापालिकेकडे. चुकीच्या दारात कितीही ओरडले तरी तिथला माणूस प्रामाणिकपणे म्हणू शकतो, हे आमच्याकडे नाही.

म्हणून ग्रुपवर कोणी मुद्दा काढला की तीन गोष्टी विचारा : हे काम कोणत्या कार्यालयाचे, कोणत्या नियमाने आणि कधीपर्यंत व्हायला हवे होते? दुसऱ्या प्रश्नासाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ जवळ ठेवा. तो ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही महापालिकांना लागू आहे. कलम ६३ मध्ये महापालिकेची अनिवार्य कर्तव्ये दिली आहेत. रस्ते, दिवाबत्ती, सांडपाण्याचा निचरा, साफसफाई ही त्यात येतात. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामे आहेत. अनिवार्य कामाबाबत ‘निधी नाही’ हे उत्तर मिळाले, तर ते लेखी मागा. तोंडी दिलेले हे उत्तर कागदावर उतरवताना बरेच अधिकारी विचार करतात, आणि पुष्कळदा काम तिथूनच हलते.

---

प्रश्न : घोडबंदर रस्त्यालगतचा आमचा अंतर्गत रस्ता दर पावसाळ्यात उखडतो. ॲपवर तक्रार केली की चार दिवसांत ‘निराकरण झाले’ असा संदेश येतो, पण खड्डा तसाच असतो. माहिती अधिकारात अर्ज केला, तर ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असे उत्तर आले. आता काय?
— एक वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर : तुमच्या अर्जाची भाषा बहुधा ‘रस्ता दरवर्षी का खराब होतो, जबाबदार कोण’ अशी असणार. माहिती अधिकार अधिनियम, २००५ अभिलेख म्हणजे कार्यालयातील कागदपत्रे मिळवून देतो, अधिकाऱ्याचे मत किंवा खुलासा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली हे स्पष्ट केले आहे आणि तेव्हापासून ‘का’ने सुरू होणारे अर्ज त्याच आधारावर परत येतात. मात्र याच कायद्याच्या कलम ४(१)(घ) नुसार, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम झाला त्याला त्या प्रशासकीय निर्णयाची कारणे देणे कार्यालयावर बंधनकारक आहे. तुमचे पाण्याचे कनेक्शन तोडले, दुकानाचा परवाना नाकारला, अशा वेळी या कलमाचा उल्लेख करून कारणे जरूर मागा. रस्त्याच्या बाबतीत मात्र कागदच मागा, तिथे त्यांचाच उपयोग जास्त.

कोणते कागद? त्या रस्त्याच्या शेवटच्या डांबरीकरणाचा किंवा काँक्रिटीकरणाचा कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश. मोजमाप पुस्तिकेतील त्या कामाच्या नोंदी. निविदेतील दोषदायित्व कालावधीची अट. अंतिम देयकाची (बिलाची) प्रत. आणि तुमच्या ॲपवरील तक्रारीचा क्रमांक देऊन त्यावर केलेल्या कार्यवाहीचा अहवाल, स्थळाच्या छायाचित्रासह.

यातला दोषदायित्व कालावधी सर्वांत मोलाचा. काम पूर्ण झाल्यापासून करारात ठरलेल्या मुदतीत रस्ता खराब झाला, तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. मुदत शिल्लक असताना महापालिका नव्या निविदेने तोच खड्डा बुजवत असेल, तर आपल्या करातून एकाच कामाचे पैसे दोनदा जात आहेत. हे कागदावर दिसले की तुमची तक्रार गैरसोयीची राहत नाही, आर्थिक अनियमिततेची होते. मग ती लेखापरीक्षण विभागाकडे आणि आयुक्तांकडे स्वतंत्रपणे देता येते. मोजमाप पुस्तिकेत थराची जाडी आणि लांबी-रुंदी नोंदवलेली असते. टेप घेऊन लांबी-रुंदी प्रत्यक्ष मोजा. जाडी उखडलेल्या कडेला दिसतेच.

अर्ज लिहिताना पुढील गोष्टींवरून तो अडतो. राज्याच्या नियमांत २०१२ साली झालेल्या बदलानुसार एका अर्जात एकच विषय हवा आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसायला हवा. रस्ता, गटार आणि दिवे एकत्र लिहू नका, तीन अर्ज करा. ‘आजपर्यंतची सर्व माहिती’ असे लिहू नका. कालावधी द्या, उदाहरणार्थ ‘१ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५’. रस्त्याचे नाव लिहून ‘अमुक चौक ते तमुक सोसायटीचे प्रवेशद्वार’ अशी हद्द लिहा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची सक्ती नाही. कोणी विचारले तर कलम ६(२) दाखवा.

अर्ज कोणाच्या नावे करायचा? ठाण्यात प्रभाग समितीकडे किरकोळ दुरुस्ती आणि मुख्यालयातील अभियांत्रिकी विभागाकडे मोठी कामे, अशी विभागणी असल्याने कागद कुठे असेल हे बाहेरच्याला कळत नाही. तरीही अर्ज परत करण्याचा अधिकार कार्यालयाला नाही. माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर कलम ६(३) नुसार ५ दिवसांत अर्ज तिकडे पाठवून तुम्हाला कळवायचे असते. काउंटरवरच ‘हे आमचे नाही’ म्हणून हाती परत दिला, तर वाद न घालता तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

अर्जात एक ओळ अवश्य घाला : ‘प्रती देण्यापूर्वी संबंधित नस्तीचे (फाइलचे) निरीक्षण करू द्यावे.’ प्रतीला पानामागे २ रुपये पडतात, पण आधी नस्ती चाळली की नेमकी कोणती पाने हवीत ते कळते. टिप्पणीच्या पानांवर कोणी काय शेरा मारला ते तिथेच वाचायला मिळते, आणि खरा उलगडा बहुधा त्या शेऱ्यांतच असतो.

---

प्रश्न : माहिती अधिकाराच्या अर्जाला तीस दिवस उलटून गेले, काहीच उत्तर नाही. थेट माहिती आयोगाकडे जावे का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही. आधी प्रथम अपील. मुदत संपल्यापासून ३० दिवसांत, त्याच कार्यालयातील प्रथम अपीलीय अधिकाऱ्याकडे, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तिथे निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरे अपील.

बरेच जण चिडून कलम १८ खाली आयोगाकडे तक्रार करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सांगितले आहे की त्या कलमाखाली अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, पण माहिती देण्याचा आदेश मिळत नाही. माहिती हवी असेल तर कलम १९ चे अपीलच करायला हवे.

अपिलात दोन मागण्या स्पष्ट लिहा. मुदत उलटल्यामुळे कलम ७(६) नुसार माहिती विनामूल्य द्यावी. दुसऱ्या अपिलात कलम २० नुसार दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंडाची मागणी करा. आयोगाकडे सुनावणीला वेळ लागतो हे खरे आहे. म्हणून प्रथम अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा. बऱ्याच प्रकरणांत कागद तिथेच हाती येऊ शकतो, कारण वरिष्ठासमोर ‘नस्ती सापडत नाही’ असे सांगणे कनिष्ठाला जड जाते. ती खरोखरच गहाळ झाली असे उत्तर आले, तर तसे लेखी घ्या आणि जबाबदारी निश्चित करून गुन्हा नोंदवण्याची मागणी करा. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ त्यासाठीच आहे.

---

प्रश्न : मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. सेतूबाहेरचा एजंट म्हणाला, हजार द्या, दोन दिवसांत देतो. नियमाने गेलो तर रखडते. मार्ग काय?
— एक वाचक, कळवा

उत्तर : इथे माहिती अधिकार वापरू नका, वेळ वाया जाईल. यासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. अधिसूचित केलेली प्रत्येक सेवा ठरलेल्या दिवसांत मिळणे हा तुमचा हक्क आहे आणि उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेतूत अर्ज करा आणि अर्ज क्रमांकाची पावती जपून ठेवा. त्या क्रमांकाशिवाय पुढचे काहीच होत नाही. मुदत संपली किंवा अर्ज कारण न देता नाकारला, तर ३० दिवसांत प्रथम अपील, मग द्वितीय अपील आणि शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या पदनिर्देशित (ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. सेवा, मुदत, शुल्क आणि अपिलीय अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणे सक्तीचे आहे. तो नसेल तर फोटो काढा.

अर्ज बहुतेक वेळा मुदतीच्या शेवटच्या दिवसांत ‘त्रुटी’ काढून परत येतो. त्रुटी एकदाच आणि पूर्ण कळवाव्यात अशी लेखी मागणी करा, म्हणजे दर वेळी नवे कागद मागता येणार नाहीत. अधिकारी किंवा त्याच्या वतीने कोणी पैसे मागितले, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ क्रमांक आहे. पैसे देण्यापूर्वी फोन करा.

---

प्रश्न : खड्ड्यात स्कूटर अडकून भावाचा पाय मोडला. भरपाई मिळते का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : मिळू शकते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमींना दुखापतीनुसार ५०,००० ते २.५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीने दावा पाहायचा, आणि दावा केल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत रक्कम द्यायची. ती पुढे ठेकेदार किंवा अधिकाऱ्याकडून वसूल करायची आहे.

दावा पुराव्याअभावी कोसळतो, म्हणून हे आत्ताच करा. खड्डा बुजवण्याआधी त्याचे फोटो काढा. एक जवळून, बाजूला मोजपट्टी किंवा पाण्याची बाटली ठेवून. एक लांबून, शेजारचे दुकान किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक दिसेल असा. पोलीस ठाण्यात अपघाताची नोंद करून तिची प्रत घ्या. रुग्णालयाच्या पहिल्याच केसपेपरवर ‘खड्ड्यामुळे पडून दुखापत’ असे लिहून घ्या. ‘दुचाकीवरून पडला’ एवढेच लिहिले असेल, तर रस्ता आणि दुखापत यांचा संबंध सिद्ध करणे कठीण जाते. रस्ता कोणाचा, हे पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे आधी तपासा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट नाही. इतर सर्वसाधारण अर्जदारांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे.

---

प्रश्न : फेसबुकवर महापालिकेवर टीका केली म्हणून एका कार्यकर्त्याने ‘केस टाकतो’ अशी धमकी दिली. आम्ही घाबरावे का? विभाग कार्यालयावर पन्नास जणांनी जायचेही ठरले आहे.
— एक वाचक, घणसोली

उत्तर : कारभारावर टीका हा गुन्हा नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरमध्ये, जे तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते, फेसबुकवरच्या एका मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली होती. त्या घटनेनंतर सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. बदनामीचे कलम मात्र अजून आहे, भारतीय न्याय संहितेचे ३५६. त्यापासून सांभाळायचे तर माणसाच्या चारित्र्यावर न लिहिता कामावर लिहा. ‘अमुक अधिकारी चोर आहे’ असे नको. ‘या कार्यादेशात इतक्या मीटरचे देयक दिले आहे, प्रत्यक्षात रस्ता इतकाच आहे’ असे लिहा आणि कागद जोडा. धमकीचा संदेश पुसू नका, तारखेसह जपून ठेवा.

मोर्चाबाबत मात्र आधी पोलीस ठाण्यात चौकशी करा. ठाणे आणि नवी मुंबई आयुक्तालयांत महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश वारंवार निघतात आणि ते लागू असताना विनापरवानगी पाच किंवा अधिक जणांचा जमाव बेकायदा ठरतो. वेळ, मार्ग, संख्या आणि दोन जबाबदार व्यक्तींची नावे लिहून परवानगीचा अर्ज काही दिवस आधी द्या, पोच घ्या. परवानगी मिळाली नाही तर पाचांपेक्षा कमी जणांचे शिष्टमंडळ निवेदन घेऊन जाऊ शकते. बाकीच्या शेहेचाळीस जणांनी आपापल्या नावाने वेगळे निवेदन द्यावे आणि प्रत्येकाने स्वतःचा आवक क्रमांक घ्यावा. सोसायटीच्या एकाच लेटरहेडवर शंभर सह्या केल्या तरी कार्यालयात ती एकच नोंद होते.

हीच निवेदने पुढे लोकशाही दिनात, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी ठरवलेल्या दिवशीही नेता येतात. महापालिका आणि जिल्हाधिकारी कार्यालयात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, सुटी असल्यास पुढच्या कामकाजाच्या दिवशी. अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो. तक्रार वैयक्तिक हवी, आणि न्यायप्रविष्ट किंवा नोकरीविषयक बाब नसावी. संस्थेच्या नावाने केलेले अर्ज याच कारणाने बाद होतात. म्हणून ज्याच्या घरापुढे गटार तुंबते, अर्ज त्यानेच करावा.