झाड नाही, मग वन कसं?

प्रश्न विचारणारे मूळचे कोकणातले, सध्या नोकरीनिमित्त सोलापुरात. बार्शी रस्त्याने नान्नजकडे जाताना उघड्या माळावर त्यांना वनखात्याचा 'राखीव वन' असा फलक दिसला. धड झाड एकही नाही. फलक चुकलाय का, आणि वन, जंगल, रान यांत फरक काय, असं त्यांनी विचारलंय.

फलक बरोबर आहे. आपल्या डोक्यातलं 'जंगल' मात्र कोकणातून आलेलं आहे.

संस्कृतात 'जाङ्गल' म्हणजे कमी पाण्याचा, मोकळा, वाऱ्याउन्हाचा प्रदेश. चरकसंहितेत जांगल, आनूप आणि साधारण असे देशाचे तीन प्रकार आहेत. त्यातला जांगल म्हणजे बोर, खैर, शमीचा, हरणांचा मुलूख. हे वर्णन नान्नजच्या माळाला लावून बघा, काळवीटासकट जुळतं. गर्द झाडी हा अर्थ 'जंगल'ला नंतर चिकटला. मूळ अर्थ धरला तर जंगल सोलापूरचंच, कोकणातलं ते आनूप, म्हणजे भरपूर पाण्याचं!

कायद्यातलं 'वन' आणखी वेगळं. 1927च्या भारतीय वन अधिनियमात राखीव वन आहे, संरक्षित वन आहे, पण नुसत्या 'वन' शब्दाची व्याख्याच नाही. 12 डिसेंबर 1996 ला गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते वन, शिवाय सरकारी दफ्तरात वन म्हणून नोंद असलेली जमीनही वन, मालकी कुणाचीही असो. 2023च्या दुरुस्तीने 1980चा वन संवर्धन कायदा मुख्यतः अधिसूचित आणि नोंद झालेल्या जमिनींपुरता आवळला. सर्वोच्च न्यायालयाच्या 19 फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम आदेशाने तूर्त कोशातला अर्थ पुन्हा चालू ठेवला. एका शब्दाच्या अर्थावर एवढी कोर्टबाजी क्वचितच झाली असेल.

पण आपल्या माळाला कोशाचा आधार तोकडाच पडतो, कारण आजचे कोश 'वन' म्हटलं की झाडी दाखवतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या मोजणीतही किमान एक हेक्टर जागेवर निदान 10 टक्के झाडोऱ्याची सावली लागते. या हिशेबात आंब्याची बाग वनाच्छादनात धरली जाते आणि भाद्रपदात गुडघाभर गवताने डुलणारा, विजारीला कुसळं टोचवणारा माळ बाहेर राहतो. त्याच्या वाट्याला 'पडीक' आणि 'पोटखराबा' (लागवडीला नालायक जमीन) हे शब्द येतात. पडीक म्हटलं की कुणीतरी तिथे ग्लिरिसिडियाची झाडं लावायला निघतोच. इथल्या माळढोक पक्ष्याला हवं असतं लांबवर दिसणारं उघडं गवत. म्हणून फलकाची थट्टा करू नका, झाडं नसलेल्या माळाला दफ्तरातली नोंद हाच मोठा आधार.

नोंदही डोळे मिटून करून चालत नाही. 1979 साली याच भागात माळढोक अभयारण्य झालं ते तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं. त्यात गावंच्या गावं, उसाची रानं, सगळं आलं. लोक वैतागले, आणि पुढे ते 1,222 चौरस किलोमीटरवर आलं.

'उसाची रानं' वाचून दचकला असाल, तर 'रान'चं सांगतो. आमच्याकडे "आबा रानात गेल्यात" म्हणजे ज्वारीला पाणी द्यायला गेलेत. वाघाची काळजी नको. जुना अर्थ रानडुक्कर, रानमेवा, गायरान यांत उरलाय. त्यामुळे माळ वाचवायचा अर्ज लिहिणार असाल तर 'वनजमीन' लिहा, गट नंबर टाका. 'रान' लिहिलंत तर तलाठी विचारील, पीक कोणतं?